सिनेमाचं संगीत शिकायचंय. इंजिनिअरिंग सोडू का?

पत्र : मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. यंदा बारावी सायन्स झाले. गायनात मध्यमा पूर्ण केली आहे, पेटी आणि कीबोर्ड वाजवते. मला सिनेमा आणि व्हिडिओ गेमसाठी संगीत करायचंय आणि त्याचंच रीतसर शिक्षण घ्यायचंय. बाबा म्हणतात, आधी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर, मग काय ते बघू. परदेशातल्या कोर्सची फी बघून आई गप्पच झाली. मैत्रिणीच्या सहा मिनिटांच्या शॉर्ट फिल्मला मी संगीत दिलं. माझ्या लॅपटॉपवर बरोबर बसलं होतं, तिच्याकडे गेल्यावर सरकलं, आणि संवादही नीट ऐकू येईनात. चुलतभावाच्या मोबाइल गेमला एक लूप करून दिला, त्यात दर फेरीला खटका बसतो. मला हे जमण्यासारखं आहे का? कुठे शिकू? आणि इतकी वर्षं शिकलेलं गाणं यात वाया जाईल का?

उत्तर : आधी सरकलेलं संगीत, संवाद आणि खटका यांचं बघू, कॉलेजचं नंतर. या विषयाच्या पदवीत पहिल्या वर्षी जे हाताखालून जातं, त्यातलं बरंचसं या तुझ्या तक्रारींतच आलं आहे. आणि हे निस्तरताना तुला कंटाळा येतो की मजा येते, यावर पुढचा निर्णय बराच अवलंबून आहे.

संगीत सरकलं एवढंच लिहिलंस. कसं सरकलं ते बघायला हवं. मैत्रिणीकडची फिल्म लाव आणि सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशी तीन ठिकाणं तपास. तिन्हीकडे चूक सारखीच असेल, तर तू फाइल पहिल्या स्वरापासून काढून दिलीस आणि तिने ती अंदाजाने ठेवली. संगीत ४० व्या सेकंदाला सुरू होत असलं तरी फाइल चित्राच्या शून्यापासूनच काढायची, आधीच्या शांततेसकट. चूक हळूहळू वाढत जात असेल तर फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याचा, घोळ आहे. आणि एका कटपर्यंत सगळं चोख, तिथून पुढे एकदम सगळं मागेपुढे असेल, तर तुला चित्र दिल्यावर मैत्रिणीने पुन्हा कात्री चालवली. यावर तांत्रिक उपाय नाही. एडिट पक्कं झाल्याशिवाय, म्हणजे पिक्चर लॉक झाल्याशिवाय, बारीक काम सुरू करायचं नाही. तोवर फक्त धुन आणि वाद्यं ठरवायची.

फ्रेम रेटचं जरा नीट समजून घे. फोनचा कॅमेरा उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो. अशी फाइल एका सॉफ्टवेअरमध्ये एका लांबीची आणि दुसऱ्यात किंचित वेगळ्या लांबीची भासते. त्यातून ती व्हॉट्सअ‍ॅपवरून आली असेल तर बघायलाच नको. दुसरा घोळ २३.९७६ आणि २४ चा. हजारात एकाचाच फरक, पण सहा मिनिटांत तो ०.३६ सेकंद होतो, म्हणजे आठ-नऊ फ्रेम, आणि दार आपटल्याचा ठोका दार आपटून गेल्यावर ऐकू येतो. २४ ची फिल्म कुणी २५ वर चालवली तर सहा मिनिटांत १४ सेकंद गायब होतात; आवाजही सोबत ओढला गेला तर पांढरी एक ते काळी एक हे जितकं अंतर, त्याच्या साधारण ७० टक्के पट्टी चढते. तुझ्यासारख्या गाणाऱ्याच्या कानाला ते लगेच खटकेल. एडिटरला बहुधा कळणारही नाही.

म्हणून मैत्रिणीकडून मागताना हे मागायचं : ठरलेल्या एकाच फ्रेम रेटची फाइल, तो रेट किती हे लिहून, आणि चित्रावर छापलेला टाइमकोड, म्हणजे तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचं घड्याळ. तिला जमत नसेल तर हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून तूच फाइल बदलून घे, आणि तीच बदललेली फाइल तिलाही परत दे. पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमइतका लांब, १ किलोहर्ट्झचा ‘बीप’ ठेवायची पद्धत आहे. तो चित्रातल्या खुणेशी जुळला की पुढचं सगळं जुळलं. आवाजाच्या फाइली ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ४४.१ हा सीडीचा आकडा आहे, चित्राच्या कामात तो आणू नकोस.

आता ठोका चित्रावर बसवायचा कसा? इथे तुझं शिक्षण थेट कामाला येतं. समज, क्यू, म्हणजे संगीताचा तो तुकडा, सुरू झाल्यापासून १७ सेकंद १२ फ्रेमवर दार उघडतं आणि फिल्म २४ ची आहे. १२ फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, म्हणून १७.५. लय मिनिटाला ९६ मात्रांची. १७.५ गुणिले ९६, भागिले ६० : बरोबर २८ मात्रा. चार मात्रांचा एक बार धरला तर सात बार पुरे होतात आणि दार आठव्याच्या समेवर उघडतं. तिहाईचा हिशेब करताना तू बोल आणि दम मोजून मागे जातेस आणि उठायचं कुठून ते ठरवतेस. हा हिशेब त्याच जातीचा आहे; फरक इतकाच की इथे सम चित्र ठरवतं आणि पुढची सम किती मात्रांनी येईल याला काही नियम नसतो.

दिग्दर्शकाला ९० ची लय आवडली तर हिशेब २६.२५ वर येतो. मग लय ८९.१४ कर, २६ मात्रा पुऱ्या बसतात, आणि हा फरक कुणाच्या कानाला लागत नाही. सव्वीस मात्रा म्हणजे सहा बार आणि वर दोन मात्रा. म्हणून मध्ये कुठेतरी एक बार दोनच मात्रांचा घे, दार पुन्हा समेवर आलं. नेम थोडा चुकणारच असेल तर उशिराकडे चुकू दे. कटच्या आधी वाजलेला ठोका चूक वाटतो, दोन-तीन फ्रेम मागून आलेला खपून जातो. आणि दर पावलाला, दर वळणाऱ्या मानेला ठोका द्यायचा नाही. धंद्यात याला मिकी-माउसिंग म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये चार जागा नेमक्या पकडल्यास तरी पुष्कळ.

संवाद बुडाले याचं खापर बहुधा मिक्सिंगवर फुटलं असेल. खरी चूक बहुतेक वेळा रचनेतच असते. बोलण्याचा मूळ सूर पुरुषांचा साधारण १०० ते १५० हर्ट्झ, बायकांचा १८० ते २५०. पण शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि ती २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास असतात. तुझी पेटी या दोन्ही पट्ट्यांत वाजते. वरच्या पट्टीतली व्हायोलिनं आणि बासरी व्यंजनांवर येतात. सारंगी तर सगळ्यात धोक्याची : ती गळ्याच्या इतकी जवळची आहे की संवादाखाली ठेवली की कान कुणाचं ऐकावं हेच ठरवू शकत नाही. बोलणं चालू असताना खालचे लांब स्वर ठेव, चाल पुढे सरकवू नको, वाद्यं निम्मी कर, आणि नवं वाद्य कुणाचंही वाक्य संपल्यानंतरच्या श्वासात आण. एवढं केल्यावर मिक्सरला दोन-तीन डेसिबल खाली घ्यावं लागलं तर लागलं. रचना दाट ठेवून नुसता आवाज कमी केलास तर संगीत लांबून येणाऱ्या लग्नाच्या बँडसारखं वाटतं आणि संवाद तरीही अडखळतात.

भावाच्या गेममधला खटका. त्याला एमपी३ दिली असशील. ही फाइल ११५२ सॅम्पलच्या (आवाजाच्या क्षणाक्षणाच्या नोंदींच्या) ठरीव तुकड्यांत बांधली जाते, आणि बनवताना आगेमागे थोडी शांतता भरली जाते. गाणं एकदा ऐकायला त्याने काही बिघडत नाही, लूपमध्ये मात्र दर फेरीला तेवढी फट पडते. त्याला वेव्ह, म्हणजे न दाबलेली फाइल, दे. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर ती फाइल दाबून लहान करायची असेल तर व्हॉर्बिस हा प्रकार निवडायला सांग.

तरीही जोड कळत असेल तर कारण दुसरं आहे : शेवटच्या स्वराची आस आणि रिव्हर्ब (घुमारा) लूपच्या टोकाला कापली जाते आणि पहिली मात्रा कोरडी सुरू होते. उपाय सोपा आहे. प्रोजेक्टमध्ये तोच तुकडा लागोपाठ दोनदा ठेव आणि फक्त दुसरी फेरी बाहेर काढ. पहिल्या फेरीची आस दुसरीच्या सुरुवातीवर आपोआप पडलेली असते. लांबी डोळ्यांनी कापू नकोस, मोजून काप. ९० च्या लयीत १६ बार म्हणजे ६४ मात्रा, ४२.६७ सेकंद, ४८ किलोहर्ट्झवर बरोबर २०,४८,००० सॅम्पल. ११० घेतलीस तर हिशेब अपूर्णांकात जातो. एकट्या लूपला चालतं, पण वेगवेगळ्या लांबीचे तुकडे एकमेकांवर फिरवायचे असतील तर असे आकडे टाळलेले बरे.

आणि एक : अर्धा तास खेळणारा मुलगा तुझे ते ४२ सेकंद ४२ वेळा ऐकणार. सिनेमात लक्षात राहणारी धुन हा गुण. गेममध्ये तीच दहाव्या फेरीला डोकं उठवते आणि विसाव्याला तो आवाज बंद करतो. भटकंतीच्या भागात चाल कमी, वातावरण जास्त. धुन राखून ठेवायची ती जिंकणं, हरणं, नवी जागा उघडणं यांच्यासाठी.

गेमच्या संगीताची दोन तंत्रं सगळीकडे शिकवतात. एक, थर चढवणं : एकाच लांबीच्या तीन-चार फाइली एकाच क्षणी सुरू करायच्या आणि शत्रू जवळ येईल तसे वरचे थर उघडायचे. खाली तंबोरा आणि वारा, मग पखवाज, मग ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं. दुसरं, तुकडे जोडणं : भटकंतीच्या तुकड्यावरून लढाईच्या तुकड्यावर जायचं, पण पुढच्या मात्रेवर की पुढच्या बारवर, हे आधी नेमून ठेवायचं. लुकासआर्ट्स कंपनीने १९९१ च्या सुमारास आयम्यूझ नावाची यंत्रणा केली तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. आज हे काम वाइज आणि एफमॉड या दोन सॉफ्टवेअरमध्ये होतं. दोन्ही शिकण्यापुरती फुकट आहेत, आणि वाइजचे प्राथमिक धडेही कंपनीच्या साइटवर फुकट आहेत. भावाचा गेम हाताशी आहे, तर लूप एकच न देता तीन थर करून दे.

आता गाणं वाया जाईल का, याचं उत्तर इथेच सापडतं. पाश्चात्य स्वरसंगतीत लढाई मधेच सुरू झाली तर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, कुठल्या वळणावर आहे ते बघावं लागतं, नाहीतर जोड कर्कश होते. म्हणून तिथे बार संपायची वाट बघतात, आणि तोवर शत्रूने दोन घाव घातलेले असतात. षड्ज कायम असलेल्या रागात ही अडचण जवळजवळ नाही. आलापीतून कुठल्याही क्षणी द्रुत लयीवर उडी मारली तरी आधार तोच राहतो. आलाप, जोड, झाला ही वाढत्या घनतेची चढण तुझ्या गळ्यात आधीच बसलेली आहे. बाहेरचा विद्यार्थी ती शून्यातून शिकतो. ही तुझी जमेची बाजू आहे, अर्जात ती लिहायला संकोच करू नकोस.

उणी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्य स्वरलिपी, वाचता-लिहिता येत नाही तोवर कुठलाही वादक तुझी रचना वाजवणार नाही, आणि मध्यमा पूर्णमध्ये हार्मनी, म्हणजे पाश्चात्य स्वरसंगती, येत नाही. बडोद्याला स्वरलेखनाचं वावडं कधीच नव्हतं. सयाजीरावांच्या काळात १८८६ साली गायक मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली ती स्वतःची लिपी घेऊन, आणि भातखंड्यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली भरली तीही इथेच. तेव्हा आणखी एक लिपी शिकायला हरकत नसावी. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षामंडळांच्या थिअरीची पाचवी ग्रेड हे पहिलं उद्दिष्ट ठेव. रोज तासभर दिलास तर वर्षात होतं. त्यानंतर चार आवाजांची हार्मनी, आणि मग स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, म्हणजे चार गजवाद्यांसाठी, दोन मिनिटांची एक रचना.

वाद्यांची कक्षा पाठच करावी लागते. पांढरी एकचा मध्य सा धरलास तर व्हायोलिनचा सगळ्यात खालचा स्वर मंद्र पंचम. त्याखाली ते वाद्यच नाही. कीबोर्डवर ‘स्ट्रिंग्ज’चा एकत्र आवाज लावला की खाली गुपचूप सेलो वाजतो आणि चूक कळत नाही, कळते ती वादक कागद खाली ठेवतो तेव्हा. पाश्चात्य बासरी मध्य सा च्या खाली फारशी जात नाही, आणि तिथे ती इतकी हळू वाजते की ब्रासखाली पूर्ण बुडते. नेहमीची बी फ्लॅट क्लॅरिनेट असेल तर तिच्यासाठी ऐकू यायला हव्या त्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहायचं, फ्रेंच हॉर्नसाठी पंचमाइतकं वर. फुंकून वाजणाऱ्या वाद्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची, हे तुला सांगायला नको.

कुठे शिकायचं? आमचं मत असं : परदेशात पदवी नको, जायचंच तर पदव्युत्तरला. बोस्टनच्या बर्कली या संगीत महाविद्यालयात नुसती फीच वर्षाला ५०,००० डॉलरच्या आसपास जाते, राहणं-खाणं वेगळं, आणि अशी चार वर्षं. त्यातली पहिली दोन वर्षं जे शिकण्यात जातात, थिअरी, कानाची तालीम, हार्मनी, सॉफ्टवेअर, ते इथे राहून शिकता येतं. बाहेर जाऊन जे मिळतं आणि इथे मिळत नाही, ते म्हणजे आपण लिहिलेलं जिवंत ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेणं आणि फिल्मच्या, गेमच्या विद्यार्थ्यांबरोबर खऱ्या मुदतीत काम करणं. त्याचे पैसे मोजावेत, पण त्यासाठी तयार होऊन जावं. बर्कलीच्या व्हॅलेन्सिया शाखेत सिनेमा, टीव्ही आणि व्हिडिओ गेमच्या संगीताची एक वर्षाची मास्टर्स आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ‘कॉम्पोझिशन फॉर स्क्रीन’, लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि न्यू यॉर्कच्या एनवाययू या विद्यापीठांत ‘स्क्रीन स्कोअरिंग’. भारतात चेन्नईचं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे, ए. आर. रहमान यांनी ते २००८ मध्ये सुरू केलं. पाश्चात्य थिअरी, हिंदुस्थानी गायन आणि संगीत तंत्रज्ञान एका छपराखाली हवं असेल तर तिथे जाऊन एक दिवस वर्ग बघून ये. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचं नाव लोक सुचवतील. तिथला अभ्यासक्रम ध्वनिमुद्रण आणि साउंड डिझाइनचा आहे, संगीतरचनेचा नाही. संस्था उत्तम, पण तुझा विषय तो नव्हे.

मग इथल्या तीन-चार वर्षांचं काय? बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. गेमच्या बाबतीत तरी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग ही वाया जाणारी पदवी नाही. संगीत गेममध्ये बसवणारा, वाइज आणि युनिटी यांच्यामधला कोड लिहिणारा माणूस स्टुडिओंना नेहमी हवा असतो, आणि असा माणूस संगीतकारही असेल तर दुधात साखर. स्वतःला एकच विचार : भावाच्या गेममध्ये ती फाइल कुणी बसवली? खटका आला तेव्हा त्याचा प्रोजेक्ट उघडून बघावासा वाटला का? वाटला असेल तर एसीपीसीच्या, म्हणजे गुजरातच्या प्रवेशसमितीच्या, फेऱ्यांत कॉम्प्युटर भर, आणि रोज दीड तास संगीताचा, परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा, हे घरात आधीच ठरवून घे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेश मिळाला तर बाबांना हेही सांग, की दादासाहेब फाळके ज्या कलाभवनात शिकले तिथेच इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे.

कोड बघून पोटात गोळा येत असेल तर इंजिनिअरिंगला जाऊ नको. चार वर्षं बॅकलॉग फेडण्यात जातील आणि संगीताला ना वेळ राहील ना जीव. अशा वेळी म्युझिक कॉलेज, म्हणजे याच विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्‌स फॅकल्टी धर. तिथे पडद्यासाठीची संगीतरचना शिकवणार नाहीत, ती बाजू तुला स्वतः सांभाळावी लागेल. पण सितार, तबला, व्हायोलिन शिकणारी मुलं आवारातच असतील, आणि नाटकाचा विभागही शेजारीच. नाटकाला पार्श्वसंगीत देणं ही सिनेमाची सगळ्यात स्वस्त तालीम आहे : लेखकाशी, दिग्दर्शकाशी, नटाच्या विरामाशी रोज गाठ पडते. विद्यापीठाच्या फाइन आर्ट्‌समधली आणि अहमदाबादला एनआयडी या डिझाइन संस्थेच्या अ‍ॅनिमेशन विभागातली मुलं आपल्या फिल्मना संगीत कोण करून देईल हे शोधत असतात. बाबांसाठी म्हणून न आवडणारी कुठलीतरी ब्रँच घ्यायची आणि संगीत शनिवार-रविवारी, ही मधली वाट सगळ्यात वाईट.

कुठल्याही कोर्सला अर्ज करण्याआधी माहितीपत्रक बाजूला ठेवून त्यांना ईमेलने विचार : वर्षभरात माझ्या किती मिनिटांच्या संगीताचं जिवंत वादकांबरोबर रेकॉर्डिंग होईल? फिल्म आणि गेमचे विभाग तुमच्याच संस्थेत आहेत का, की विद्यार्थ्याने बाहेर शोधायचे? वाइज किंवा एफमॉड परीक्षेचा भाग आहे की एखाददुसरी कार्यशाळा? विद्यार्थ्याने केलेल्या संगीताचे हक्क कुणाकडे राहतात? गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्यांची कामं कुठे बघायला मिळतील? उत्तरात आकडे न येता नुसती विशेषणं आली तर त्या कोर्सचं काय ते समजलं.

साधनांवर आत्ता पैसे घालू नको. आठ जीबीचा लॅपटॉप वर्षभर चालेल. तयार झालेले ट्रॅक ‘फ्रीझ’ करत, म्हणजे पक्क्या आवाजात बदलत, जा. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरता येतं आणि पुढचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. नोटेशनला म्यूझस्कोअर, फुकट. दोन इनपुटचा एक ऑडिओ इंटरफेस, कान झाकणारे बरे हेडफोन, ४९ किंवा ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड. रेकॉर्ड करताना बफर (आवाज एका खेपेला किती सॅम्पलचा हाताळायचा तो आकडा) १२८, म्हणजे एका खेपेला तीन मिलिसेकंदांहून कमी उशीर. मिक्स करताना १०२४. पुढे रॅम ३२ जीबी लागेल, तेव्हा बघू. महागड्या ऑर्केस्ट्रा लायब्ररीपेक्षा म्युझिक कॉलेजातल्या एखाद्या व्हायोलिनवाल्याला दोन तासांचं मानधन देऊन तुझ्या नकली स्ट्रिंग्जवर एक खरा आवाज चढवून घे; सगळं खरं वाटायला लागतं. आधी रेकॉर्ड करून लायब्ररीत ठेवलेल्या, सावकाश सुरू होणाऱ्या स्ट्रिंग्ज नेहमी मागे पडतात, तो ट्रॅक १०० मिलिसेकंदांच्या आसपास पुढे ओढ आणि कानाने जुळव. मींड हवी असेल तर पिच बेंडची मर्यादा दोनवरून बारा अर्धस्वरांवर ने.

पोर्टफोलिओ छोटा ठेव : तीन किंवा चार तुकडे, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं, सगळ्यात चांगला पहिला. ऐकणारा पहिल्या ३० सेकंदांत मत बनवतो, म्हणून पॅडवर, म्हणजे लांबलेल्या मऊ स्वरांवर, मिनिटभर चढत जाणारी सुरुवात नको. एक संवादाखालचा प्रसंग, एक संवादाशिवायचा, एक गेमचा, आणि त्या गेमचा व्हिडिओ खेळताना थर उघडतात-मिटतात हे दिसेल असा. सोबत निदान एका तुकड्याचा छापलेला स्कोअर. गाजलेल्या सिनेमांचे प्रसंग उचलून त्यावर संगीत देण्यापेक्षा ब्लेंडर या फुकट अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरवाल्यांच्या खुल्या परवान्याच्या अ‍ॅनिमेशन फिल्म घे, किंवा फाळक्यांचे मूकपट. भारतात सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे ते सगळ्यांना मोकळे आहेत, आणि फाळक्यांना रागदारीचं पार्श्वसंगीत देणारा अर्जदार लंडनला रोज येत नाही. ब्रिटनमधल्या संगीत विद्यालयांचे बरेचसे अर्ज वर्ग सुरू व्हायच्या जवळजवळ वर्षभर आधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, बंद होतात. उन्हाळ्यात तयारीला लागणारे तिथेच चुकतात.

पैसे मिळायला लागण्याआधीच एक सवय लाव : मैत्रिणीचं काम असलं तरी एक ईमेल. किती मिनिटं, कुठल्या तारखेला, किती दुरुस्त्या फुकट, श्रेयनामावलीत नाव कसं, आणि संगीताचे हक्क कुणाचे. कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमासाठी केलेल्या संगीताचे हक्क विकले तरी थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत संगीतकाराचा समान वाटा राहतो, आणि तो करारात लिहूनही काढून घेता येत नाही. तो गोळा करण्याचं काम आयपीआरएस ही संगीतकार-गीतकारांची संस्था करते. पहिली फिल्म कुठे प्रसारित व्हायच्या आत तिथे सभासद हो. गेमच्या कामात बहुधा तयार संगीताच्या मिनिटामागे एकरकमी पैसे देतात आणि सगळे हक्क मागतात. त्यात वाईट काही नाही, फक्त दर त्या हिशेबाने सांगायचा, आणि ते संगीत स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी त्याच ईमेलमध्ये मागून ठेवायची. भावाकडूनसुद्धा.